मेल्याचे पेढे

२१ जुलै २०२५. दुपारी आमच्या आते-मामे भावंडांच्या ग्रुपवर एकदम तीसेक मेसेज येऊन पडले. ७/११ च्या, म्हणजे ११ जुलै २००६ च्या, मुंबईतल्या लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं होतं. त्यातल्या पाच जणांना २०१५ साली विशेष न्यायालयानं फाशी सुनावलेली. आतेभावानं लिहिलं होतं, 'म्हणूनच तेव्हाच लटकवायला पाहिजे होते.'

मी त्यातल्या 'म्हणूनच'कडे बघत बसले. शब्दांकडे बघत बसणं हा माझा धंदाच आहे. कोर्ट म्हणतंय गुन्हा शाबीत झाला नाही, आणि हा म्हणतोय, म्हणूनच आधी मारायला हवे होते. त्या दिवशी लोकलमध्ये १८० हून जास्त माणसं गेली, त्यात त्याच्या ऑफिसातला एकजण होता. त्यामुळे त्याच्या रागावर मी काही बोलणार नाही. मी फक्त लिहिलं, 'माझा फाशीला विरोध आहे. कुणाच्याही.'

मग जे व्हायचं ते झालं. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. मामेबहिणीनं 'सात्त्विक' असा एकच शब्द टाकला, तो टोमणा होता. आणि एका भावजयीनं विचारलं, 'ताई, तुम्ही पुण्याच्या ना? जक्कल विसरलात?'

विसरले नाही. उलट तिथूनच सांगते.

१९७६ साली मी नऊ वर्षांची होते. सदाशिव पेठेत वाड्यात दोन खोल्या. वडील पोस्टात. वाड्याचं मोठं दार रात्रीसुद्धा नुसतं लोटलेलं असायचं. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरातले तिघं मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. म्हातारे संस्कृत पंडित, त्यांची पत्नी, दोन नातवंडं आणि घरी कामाला असलेल्या बाई. नायलॉनच्या दोरीनं गळे आवळून. मोठी माणसं आमच्यासमोर बोलायची नाहीत, पण वाड्यात काय लपून राहतं?

वडिलांनी बोहरी आळीतून लोखंडी साखळी आणून दाराला ठोकली. सातनंतर पोरांनी जिन्याखाली जायचं नाही. दारावर थाप पडली की आई आतून विचारायची, 'कोण?' उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न, 'कोण कोण?' म्हणजे एकटंच आहे की बरोबर आणखी कुणी. मी शाळेतून एकटी आले तरी मला बाहेरून सांगावं लागायचं, 'मी. एकटीच.'

मार्च ७७ मध्ये आणखी एका तरुणाचा खून झाला आणि मग ते सापडले. अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह. पाचवा माफीचा साक्षीदार झाला. सव्वा वर्षात दहा खून, त्यातला पहिला स्वतःच्या वर्गमित्राचा. चित्रकलेची पोरं! आमच्या चित्रकलेच्या बाईंकडेसुद्धा मी काही दिवस संशयानं बघत होते.

२७ नोव्हेंबर १९८३ ला त्या चौघांना येरवड्यात फाशी दिली. मी सोळा वर्षांची. समोरच्या खोलीतले बापूकाका पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरत होते. वडिलांनी घेतला, मी घेतला. आईपुढे पुडा आला तशी ती हात पदराला पुसत म्हणाली, 'मेल्याचे पेढे मी खात नाही.' बापूकाका जरा चपापले आणि पुढे गेले. आईच्या वाटणीचाही मीच खाल्ला. दोरीनं मारणाऱ्यांना दोरी. गणित सुटल्यासारखं वाटत होतं.

हे सविस्तर अशासाठी लिहिलं की फाशीला विरोध करणाऱ्यांनी कधी भीती पाहिलेली नसते, असं लोकांना वाटतं. आमच्या घरात ती साखळी होती.

१९९८ पासून मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. मराठीतून इंग्रजीत. नोकरी नाही. वकील गठ्ठा पाठवतात, पानाला इतके असा हिशेब. सेशन कोर्टानं फाशी दिली की ती उच्च न्यायालयानं कायम करावी लागते, आणि त्यासाठी सगळं पेपरबुक इंग्रजीत लागतं. फिर्याद, पंचनामे, सरतपास, उलटतपास, निशाणी एक ते निशाणी दोनशे अमुक. बहुतेक काम कंटाळवाणं असतं. रक्ताने माखलेली विटकरी रंगाची चौकडीची लुंगी, किंमत शून्य रुपये. पंचनाम्यात मुद्देमालाची किंमत लिहावी लागते. 'किंमत शून्य' मी किती वेळा भाषांतरित केलं असेल!

२१ नोव्हेंबर २०१२ ला मी असाच एक गठ्ठा पोचवायला शिवाजीनगर कोर्टात गेले होते. त्या सकाळी कसाबला येरवड्यात फाशी दिली होती, आपल्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, आणि शहराला पत्ता लागला तो सगळं झाल्यावर. कोर्टाच्या आवारात पेढे वाटत होते. मी घेतला. तोवर चौदा वर्षं हे कागद वाचत होते, फाशीबद्दल मनात शंका होत्या, तरी घेतला. इथे घशात काहीतरी अडकलं वगैरे लिहायचा मोह होतोय, पण खोटं कशाला? गोड लागला.

मत बदलल्याचा असा एक दिवस मला सांगता येत नाही. एक शब्द मात्र सांगता येतो. कसाबनंतर वर्ष-दोन वर्षांनी एका खुनाच्या खटल्याचं काम होतं, खालच्या कोर्टात फाशी झालेलं. साक्षीदार एक म्हातारी. तिच्या साक्षीत वाक्य होतं, 'पळत गेला त्यो असंल.' निकालपत्र इंग्रजीत, आणि त्यात मात्र या बाईनं आरोपीला पळताना पाहिलं होतं. ठामपणे. मी अडले. आमच्या पेठी मराठीत 'असेल' म्हणजे शंका. तिच्याकडे काय? घरी कामाला येणाऱ्या मावशी त्याच भागातल्या, म्हणून त्यांना विचारलं. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, 'असंल म्हंजे असंल की. हाय म्हनायचं असतं तर हाय म्हनली असती ना.'

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, 'ताई, आहे तसं करा, बाकी आम्ही बघतो.' मी शंका शंकाच ठेवली. पुढे उच्च न्यायालयात फाशीची जन्मठेप झाली, पण वयाच्या आणि इतर कारणांवर. त्या 'असंल'चा उल्लेख निकालात कुठेच नाही. तो माणूस खरंच पळत गेला होता का, मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की एका माणसाचा गळा आणि दोर यांच्यामध्ये कधी कधी एक क्रियापद असतं, आणि ते नीट ऐकायला कुणाला वेळ नसतो.

भाषांतरात चूक राहिली तर शुद्धिपत्रक जोडता येतं. मी आजवर अकरा जोडली आहेत. तीन वेळा वाचूनही राहिलेल्या चुका.

आणि मग नाशिकचा खटला. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतमजूर कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून, बलात्कार. वाचवत नाही असा गुन्हा. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सेशन कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही परत फाशीवर नेऊन बसवलं. म्हणजे आपल्याकडे जितक्या चाळण्या आहेत तितक्या सगळ्या लागून झाल्या. ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं फेरविचारात सहाही जणांना निर्दोष ठरवलं. वाचलेल्या साक्षीदारानं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळेच लोक ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. हा कागद पहिल्यापासून नोंदींमध्ये होता. मधल्या काळात सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचंही निघालं होतं.

सोळा वर्षं. सरकारनं प्रत्येकाला पाच लाख द्यावेत असा आदेश झाला. मी सवयीनं हिशेब केला: महिन्याला दोन हजार सहाशे. माझ्याकडे झाडू-फरशीलाही त्याहून जास्त द्यावे लागतात.

मला त्या निकालात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर कुणी बदमाश नसण्याची. तिन्ही कोर्टांतल्या न्यायाधीशांनी मन लावून वाचलं असणार. गुन्हा इतका भयानक होता की कुणीतरी केला असलाच पाहिजे, आणि समोर सहा जण उभे होते.

पुण्यातलंच दुसरं प्रकरण, १९९४ च्या ऑगस्टमधलं. राठींच्या घरातल्या पाच बाया आणि दोन मुलं यांचे खून. पुणेकरांना वेगळं सांगायला नको. त्यात फाशी झालेला एकजण राजस्थानातला होता. कागदोपत्री सज्ञान. २००० साली सर्वोच्च न्यायालयात शिक्षा कायम झाली. २०२३ च्या मार्चमध्ये शाळेच्या नोंदवहीवरून सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षांचं होतं. नाव नोंदवतानाच चूक झालेली. निर्दोष ठरला असं नाही. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला आपण अठ्ठावीस वर्षं आत ठेवलं, आणि त्यातली बरीचशी फाशीच्या वाटेवर. माझा मुलगा साडेबाराचा होता तेव्हा त्याला गॅस लावू देत नव्हते मी.

विधी आयोगानं २०१५ मध्ये फाशी रद्द करायची शिफारस केली, पण दहशतवादाचे गुन्हे वगळून. अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हा अपवाद पटत नाही. पोलिसांवर 'कुणालातरी पकडा' हा दबाव सगळ्यात जास्त असतो तो याच गुन्ह्यांमध्ये. ७/११ च्याच स्फोटांनंतर शंभरेक दिवसांनी टॅक्सीवाल्यांना आपल्या गाडीत बसलेल्यांचे चेहरे आठवले, आणि त्या आठवणीवर खालच्या कोर्टानं भिस्त ठेवली. उच्च न्यायालयानं ती मानली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात काय व्हायचं ते होवो. फाशी झालेल्या त्या पाचांपैकी एकजण २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोविडनं गेला. 'निर्दोष' हा शब्द त्याच्या कानावर पडलाच नाही.

पण हे झालं निर्दोषांचं, आणि ते सोपं आहे. चुकीच्या माणसाला मारू नये हे आतेभावालाही मान्य आहे. भावजयीचा प्रश्न जक्कलबद्दल होता, आणि जक्कलनं केलं होतं.

म्हणून मी मुद्दाम गावित बहिणींबद्दल बोलते. कोल्हापूरच्या. लहान मुलं पळवायची, चोऱ्यांसाठी वापरायची, नकोशी झाली की मारायची. १९९६ मध्ये पकडल्या, २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम. मला त्यांची दया येत नाही. प्रयत्न करून पाहिला, येत नाही. दयेचा अर्ज सरकारी टेबलांवरून सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस फिरत राहिला, आणि या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. लोक म्हणाले, सुटल्या. सुटल्या कुठे? त्या आतच आहेत. पण वीस वर्षं त्या मुलांच्या आयांना आपण 'आज होईल, उद्या होईल' असं सांगत ठेवलं, त्याचं काय? सुरुवातीलाच 'आता या कधी बाहेर येणार नाहीत' असं सांगून दार लावून घेतलं असतं, तर त्या आयांना निदान पेपर उघडताना धसका तरी बसला नसता. गहुंजेच्या प्रकरणातही तेच. २००७ चा गुन्हा, कामावर निघालेल्या तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून, जून २०१९ ची तारीख ठरली होती, आणि १,५०९ दिवसांच्या दिरंगाईवरून फाशी गेली.

दया नाही, मग विरोध कशासाठी? मला जे दिसतं ते सांगते. २६ नोव्हेंबरच्या रात्री हातात बंदूक असलेल्या कसाबला कुणी गोळी घातली असती तर मी हूं की चूं केलं नसतं. तुकाराम ओंबळ्यांनी त्याला जिवंत पकडलं, स्वतःचा जीव देऊन. चार वर्षांनी येरवड्यात जो होता त्याच्या हातात काहीच नव्हतं. तो पूर्णपणे आपल्या ताब्यात होता, आपलं जेवण जेवत होता. अशा माणसाचं वजन करायचं, वजनावरून दोराची लांबी ठरवायची, बक्सरच्या तुरुंगातून दोर आणायचा, वाळूचं पोतं टांगून बघायचं, डॉक्टरला बोलवायचं, आणि मग कुठल्यातरी पगारी माणसाला खटका ओढायला सांगायचं. नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, खात्रीसाठी. यातली एकही पायरी रागात होत नाही. प्रत्येकीवर सही असते. जक्कलनं नायलॉनची दोरी खिशात घालून नेली, त्या पूर्वतयारीसाठीच तर त्याचा गुन्हा अधिक काळा ठरला ना? मग आमची तयारी?

आणि तो खटका ओढणारा माझा माणूस आहे. वीजबिल भरून घेणारा क्लार्क जसा माझा, तसा तोही. मला त्याच्याकडून हे करून घ्यायचं नाही. माझा विरोध शेवटी इथे येऊन थांबतो. त्याच्या मागे मोठं तत्त्वज्ञान नाही.

'तुझ्या घरात झालं असतं तर?' हे ग्रुपवर आलंच. गौरीच्या जेवणालाही आलं. मी भात वाढत होते. उत्तर दिलं नाही, कारण नाही माझ्याकडे. ज्यांच्या घरात झालं त्यांच्यातले काही वेगळं बोलले, एवढं मला ठाऊक आहे. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे, दोघंही पुण्यात वावरलेले. त्यांची फाशी टळावी म्हणून गांधीजींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, सरकारकडे विनंती केली होती. ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात दोघांना फाशी दिली. त्याच वर्षी जूनमध्ये घटना समितीत बाबासाहेब म्हणाले होते की फाशीच्या अपिलांची सोय करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करणं मला अधिक मान्य होईल. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली. त्यांची बाकीची वाक्यं आपण भिंतींवर रंगवली.

मी गांधींच्या मुलांइतकी मोठी नाही. माझ्या घरात झालं तर कदाचित मीच दोर मागेन. मला वाटतं तेव्हा कुणीतरी मला तो देऊ नये.

नोव्हेंबर २०१७ ची एक गोष्ट राहिली. नगरच्या कोर्टात कोपर्डीच्या मुलीवरच्या बलात्काराच्या आणि तिच्या खुनाच्या खटल्यात तिघांना फाशी झाली. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या कोर्टात, खर्ड्याच्या नितीन आगे या दलित पोराच्या खुनातले आरोपी सुटले, साक्षीदार फितूर झाले म्हणून. पहिल्या निकालावर फटाके वाजले. दुसऱ्यावर फारसं कुणी बोललंच नाही. साक्षीदाराला गावात राहूनही खरं बोलता यावं, यासाठी मोर्चा निघालेला मी अजून पाहिला नाही. त्याला घोषणा जमत नाही.

तर, ग्रुपवरचं भांडण संपल्यावर मी आईला विचारलं. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, कान जातायत, बाकी लख्ख. इतकी वर्षं माझी समजूत होती की माझा विरोध तिच्या त्या एका वाक्यातून आलाय. म्हटलं, आई, बापूकाकांचा पेढा तू का घेतला नाहीस? तुला तेव्हाही फाशी चुकीची वाटत होती ना?

ती माझ्याकडे बघत राहिली. 'चुकीची? त्यांना द्यायलाच हवी होती. मी तर म्हणते उशीरच केला.'

'मग पेढा?'

'पेढे कसले वाटायचे त्यात?'

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक गठ्ठा पोचवून घरी यायला रात्रीचे नऊ झाले. आता फ्लॅट आहे, खाली वॉचमन आहे, दाराला पाहायचं भिंग आहे. किल्ली माझ्याकडे असते, पण आतून साखळी लावलेली असते, वाड्यातून काढून आणलेली, तीच. बेल वाजवली.

'कोण?'

'मी गं.'

'कोण कोण?'

'मी. एकटीच.'